आयत्या वेळचे विषय

सभा अकराची, कोरम साडेबाराला.
तोवर पंख्याखाली मी मागच्या सभेचं इतिवृत्त
वाचून दाखवलं, असं लिहून ठेवतो.

विषय एक : बाजारपेठेतल्या गटाराचा गाळ.
तो कोणाच्या प्रभागात साचतो यावर पाऊण तास.
बाळा डोर्लेकर म्हणाले, गाळ वाहता आहे,
भरतीला तुमचा, ओहोटीला आमचा.
हे मी लिहिलं नाही.
लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

विषय दोन पाणीपट्टी. विषय तीन
स्मशानशेडचे पत्रे. दरपत्रकं तीन,
तिन्हींवर अक्षर एकाच माणसाचं.
हेही नाही लिहिलं.
विषय चारला वडे आले, म्हणून चार आणि पाच
सर्वानुमते मंजूर.

मग दारात ती.
पाटी बाहेर पायरीवर, पाटीवर ओलं पोतं,
हात पदराला पुसत सगुणा तांडेल, ओटा क्रमांक नऊ.
तिचा विषय अजेंड्यावर कधीच नसतो.
आयत्या वेळी येतो,
मा. अध्यक्षांच्या परवानगीने.

मच्छीमार्केटात ओटे चौदा.
नऊवर सगुणा, दहावर कोणी नाही.
दहावर जुबेदा सोलकर बसायची,
सुरमईचे तुकडे नुसत्या नजरेने सारखे पाडणारी.
नऊ आणि दहाच्या मधे एकच तराजू, दोघींत.
जुबेदा गेली ती नोंद माझ्याच हातची,
मृत्यू रजिस्टर, पान एकशे बारा.
बाजारवसुलीचं पुस्तकही माझ्याच हातचं,
त्यात ती अजून
दरमहा दीडशे रुपये भरते.

मुख्याधिकारी नवीन, घाटावरचे.
वास जावा म्हणून खिडकी उघडतात
आणि खिडकीखालीच मार्केट.
म्हणाले, मयताच्या नावे पावती फाडता येत नाही, बाई.
वारस लावा, नाहीतर ओटा लिलावात काढू.
वारस कुवेतला, त्याला ओटा नको.
मग दोन्ही तुमच्याच नावावर करून घ्या,
एक साधा अर्ज.
सगुणा म्हणाली,
"माका ओटो नको ओ. पैसे मी भरतंय ना?
पावतीर तिचा नाव तेवढा ऱ्हवांदे."

कित्याक, ते कोणी विचारलं नाही.
मला ठाऊक आहे, मी वसुलीला जातो.
पावती ती दहावर ठेवते, अर्ध्या किलोच्या मापाखाली,
जुबेदा जोहरच्या नमाजाला उठताना ठेवायची तशी.
गिऱ्हाईक विचारतं, ही कोण नाही का आज?
सगुणा म्हणते, येतली.

नगराध्यक्षा खवळेबाईंनी घड्याळ पाहिलं,
मग माझ्याकडे.
ही नजर मला पाठ आहे.
मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात :
विषय पुढील सभेत घेण्यात यावा.
सूचक डोर्लेकर. अनुमोदक सौ. मुकादम.
मुकादमबाईंचा हात तर
वाक्य पुरं व्हायच्या आधीच वर.

एकतीस सभा झाल्या या वाक्याला.
लोक त्याला शिव्या घालतात,
रस्त्यापायी, नळापायी, आणि बरोबरच घालतात.
माझ्या स्वतःच्या सासऱ्याची घरपट्टीची तक्रार
सात वर्षं पुढील सभेत आहे.
मुख्याधिकाऱ्यांनी सही केली,
पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
काही बोलले नाहीत.

एप्रिलपासून पावत्या मशीनवर.
मशीन आधार क्रमांक मागणार,
अंगठा मागणार.
जुनी पुस्तकं तालुक्याला जमा करायची होती.
केली, एक सोडून.
ते कपाटात, खालच्या खणात,
डांबराच्या गोळ्यांशेजारी. शंभर पानी, कोरं.

महिन्याला एक पान.
पुढचा हिशेब मी केलेला नाही.
सगुणाचं वय जन्म रजिस्टरात मिळेल,
रजिस्टर त्याच कपाटात, वरच्या खणात आहे.
वरचा खण उघडायला स्टूल लागतं.
स्टूल सभागृहात असतं.